साकागुचींचे पेपर कोणत्या क्रमाने वाचावेत, आणि सायटेशनच्या आकड्याचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या सेमिनारला जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची हा विषय मिळालाय, त्यांचं प्रकाशित काम आणि त्याचा प्रभाव मांडायचाय. शंका तीन. इतक्या पेपरांतले नेमके कोणते घ्यायचे? एच-इंडेक्स (पेपर किती आणि ते किती उद्धृत झाले याचा एक आकडा) आणि सायटेशनचा, म्हणजे इतरांनी किती वेळा उद्धृत केलं त्याचा, आलेख दाखवला की 'प्रभाव' मांडून झाला का? आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) १९७० मध्येच सापडल्याचं जुन्या पुस्तकात दिसतं, मग २०२५ चं नोबेल यांना कशाबद्दल?

तिसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण तिच्या उत्तरात बाकीची दोन येऊन जातात. मी गेली वीसेक वर्षं फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसतोय आणि त्यातला बराच वेळ याच पेशी मोजण्यात गेलाय, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

१९७० ची गोष्ट खरी आहे. येल विद्यापीठात गर्शन आणि कोंडो यांनी दाखवलं की टी-पेशी प्रतिसाद वाढवतात तशा तो कमीही करू शकतात. या पेशींना नाव पडलं सप्रेसर टी-सेल. पुढची दहा-बारा वर्षं या विषयाला नुसतं उधाण आलं होतं. सप्रेसर पेशी, तिला चेतवणारी दुसरी पेशी, तिसरीकडून झिरपणारा 'फॅक्टर', त्या फॅक्टरलाही अडवणारी आणखी एक पेशी. कागदावर बाणांची जाळी वाढत गेली. सगळ्याचा आधार होता आय-जे नावाचा एक घटक. उंदराच्या एमएचसी जनुकपट्ट्यात, म्हणजे प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या एका पट्ट्यात, त्याची जागा ठरवून टाकली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पट्ट्याचा रेणूपातळीवरचा नकाशा तयार झाला आणि ठरवलेल्या जागी आय-जेचं जनुक निघालंच नाही. सुतावरून गाठलेला स्वर्ग एका झटक्यात खाली आला.

त्यानंतर दुधाने तोंड पोळल्यासारखी गत झाली. मी एम.एस्सी.ला होतो तेव्हा, नव्वदचं दशक संपत आलेलं, आमच्या सरांसमोर 'सप्रेसर' हा शब्द काढला की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. उत्तर द्यायचं नसलं की त्यांची ती सवय होती.

चूक मूळ कल्पनेत नव्हती, हे आता आपल्याला कळतं. अडचण अशी होती की ती पेशी धरायला मूठच नव्हती. सप्रेसर पेशी म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जायचं तिच्या पृष्ठभागावरच्या खुणा मारक टी-पेशींवरही असायच्या. मग 'ही सप्रेसर' असं म्हणून जे नळीत घेतलं त्यात नेमकं काय आहे ते कुणालाच ठामपणे सांगता येत नसे. एका प्रयोगशाळेत जमलेलं दुसरीकडे जमायचं नाही, आणि न जमल्याचं खापर हातावर फुटायचं.

आता नागोया. आइची कर्करोग संशोधन केंद्रात यासुआकी निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये 'सायन्स'मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण छापलं होतं. उंदराच्या मादी पिल्लाची थायमस ग्रंथी (छातीतली, जिथे टी-पेशी तयार होतात ती) जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर मोठेपणी तिचे अंडाशय नष्ट झालेले असतात. आठवड्याने काढली, तर काही होत नाही. पुढे कळलं की हे संप्रेरकांचं काम नाही, तिच्याच टी-पेशी तिच्या अंडाशयावर चालून जातात. कुंपणच शेत खातं.

ही शस्त्रक्रिया मी शिकताना केली आहे, म्हणून सांगतो. तीन दिवसांचं पिल्लू करंगळीच्या पेराएवढं, गुलाबी, डोळे मिटलेले. ते बर्फावर ठेवून थंड करायचं, तीच भूल. छातीच्या वरच्या टोकाला बारीक छेद घ्यायचा आणि काचेच्या बारीक नळीने थायमसचे दोन पांढरे पाकळीसारखे भाग ओढून घ्यायचे. ओढ जरा जास्त झाली तर पिल्लू जातं, कमी झाली तर ग्रंथीचा तुकडा मागे राहतो आणि प्रयोग वाया जातो. मला दहा पिल्लांत तीन साधली. नागोयाच्या त्या पानांवर किती हात लागले असतील याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

साकागुची १९५१ चे, शिगा प्रांतातल्या नागाहामाचे, क्योतोला वैद्यकीय शिकलेले. निशिझुकांचं काम वाचून ते पदव्युत्तर शिक्षण मध्येच सोडून नागोयाला गेले. त्यांना खुपलं ते असं: थायमस काढल्यावर टी-पेशी कमी होणार. मग प्रतिकार कमी व्हायला हवा, इथे तर तो अंगावर उलटतोय. म्हणजे ज्या पेशी कमी झाल्या त्यांत आवरणाऱ्याही असल्या पाहिजेत. १९८२ मध्ये 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मध्ये त्यांनी ताकाहाशी आणि निशिझुका यांच्यासोबत दाखवलं की निरोगी प्रौढ उंदराच्या टी-पेशी अशा पिल्लाला टोचल्या तर अंडाशय वाचतात. १९८५ चा पेपर त्याची दुसरी बाजू मांडतो: निरोगी उंदराच्या टी-पेशींतून एक गट वजा केला आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तर रोग होतो. गट वेगळा करायला तेव्हा वापरलेली खूण, जिला आज आपण सीडी५ म्हणतो (पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना असे सीडी क्रमांक दिलेले असतात), ती भोंगळ होती. जवळजवळ सगळ्याच टी-पेशींवर ती कमी-जास्त असते.

तारखा पाहा: १९८२, १९८५. आय-जे कोसळलं तो हाच काळ. म्हणजे या माणसाने नेमक्या त्याच वेळी तो विषय हातात घेतला, जेव्हा बाकीचे तो सोडून पळत होते. पुढची दहाएक वर्षं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड, स्क्रिप्स अशी ठिकाणं बदलत गेली. आजच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात ही वर्षं फार केविलवाणी दिसतील. ते एकटेच होते असंही नाही, हे सेमिनारमध्ये जरूर सांगा. ऑक्सफर्डमध्ये फियोना पॉवरी आणि डॉन मेसन यांनी १९९० मध्ये प्रयोगातल्या मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, दुसरी खूण वापरून अशाच अर्थाचा निष्कर्ष काढला होता.

आणि मग १९९५. हा पेपर मात्र सारांशावर भागवू नका, आख्खा वाचा. पहिलं म्हणजे तो 'नेचर' किंवा 'सायन्स'मध्ये नाही, 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त आहे, म्हणजे अमेरिकेतल्या इम्युनॉलॉजिस्ट मंडळींच्या संघटनेच्या नियतकालिकात. लेखक पाच, त्यांत नोरिको साकागुची म्हणजे त्यांच्या पत्नी आणि कायमच्या सहकारी. दुसरं म्हणजे शीर्षकात 'सप्रेसर' हा शब्द नाही, 'रेग्युलेटरी' (नियामक, या पेशींचं आजचं नाव) हाही नाही. आयएल-२ या टी-पेशींना वाढवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहकाची अल्फा साखळी, म्हणजे सीडी२५, धारण करणाऱ्या 'चेतवलेल्या टी-पेशी' स्वतःविषयीची सहिष्णुता टिकवतात, इतकंच म्हटलंय. भाजलेल्या बोटांची आठवण असलेल्या वाचकासमोर कसं बोलावं, याचा हा धडाच आहे.

प्रयोग साधा आहे. निरोगी, कसलीही लस न टोचलेल्या उंदराच्या सीडी४ (मदतनीस गटातल्या) टी-पेशींपैकी सुमारे १० टक्के पेशींवर सीडी२५ असतं. सीडी२५ ला चिकटणारं प्रतिपिंड आणि सोबत कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंड चिकटलेली पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) घालून तेवढ्या पेशी मारायच्या. उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या न्यूड उंदरांना टोचायच्या. ज्यांना टोचल्या त्या प्रत्येक उंदराला स्वयंप्रतिकार रोग झाला: थायरॉइड, जठर, स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी, लाळग्रंथी, अॅड्रिनल, अंडाशय, मूत्रपिंड, सांधे. एका गटाचे दहा टक्के वजा केले तर इतकी इंद्रियं एकदम. आणि काढलेल्या सीडी२५ पेशी ठरावीक मुदतीच्या आत परत दिल्या तर रोग टळतो, जितक्या जास्त द्याल तितका जास्त टळतो.

सीडी२५ चं प्रतिपिंड तेव्हा जगभरच्या फ्रिजांत पडून होतं. चेतवलेली टी-पेशी ओळखायला ते रोज वापरलं जायचं. त्यामुळे हा पेपर वाचून ज्याचा विश्वास बसला नाही त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः करून बघता येत होतं. लोकांनी ते केलंही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले ईथन शेवाक सप्रेसर पेशींच्या कडव्या टीकाकारांपैकी. १९९८ मध्ये त्यांनी आणि अँजेला थॉर्नटन यांनी बशीत या पेशी इतर टी-पेशींची वाढ रोखतात हे दाखवलं. साकागुचींच्या गटानेही त्याच वर्षी दाखवलं. एखाद्या कामाचा प्रभाव म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण हेच आहे: विरोधकाने स्वतःच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने करून पाहिलं आणि मत बदललं. हे सायटेशनच्या आलेखात एका ठिपक्याएवढंही दिसत नाही.

'तिसराच दिवस का?' याचं उत्तर १९९६ च्या पेपरात मिळतं. सीडी२५ असलेल्या या पेशी थायमसमधून बाहेर पडून प्लीहेत दिसू लागतात त्याच सुमाराला. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली की हल्लेखोर बाहेर आलेले असतात, आवरणारे आतच राहतात. १९६९ चं कोडं सत्तावीस वर्षांनी सुटलं. हा पेपर लोक सहसा वगळतात, मला तो फार आवडतो.

दुसऱ्यांची कोडीही सुटली. आयएल-२ हे टी-पेशींचं खत, असं आम्ही पाठ केलं होतं. पण १९९३ मध्ये आयएल-२ चं जनुक काढलेले उंदीर प्रतिकारशून्य न होता आतड्याच्या दाहाने आजारी पडले आणि दोन वर्षांनी सीडी२५ नसलेले उंदीरही स्वयंप्रतिकाराकडे गेले. तेव्हा हे कुणाला पटेना. आवरणाऱ्या पेशी आयएल-२ शिवाय जगत नाहीत, हे कळल्यावर त्याचा अर्थ लागला. कर्करोगाच्या गाठीत प्रतिकारपेशी गप्प का बसतात, हे सायंटिस्टना छळणारं कोडंही याच पेशींशी जोडलं गेलं. १९९९ मध्ये उंदरांतल्या सीडी२५ पेशी काढल्यावर गाठी मागे हटतात असे पेपर आले, साकागुचींच्या गटाचा एक आणि दुसऱ्या एका जपानी गटाचा एक.

नोबेलचा दुसरा धागा पार वेगळ्या गावाहून येतो. अमेरिकेत ओक रिज इथे १९४९ मध्ये स्कर्फी नावाचे उंदीर आपोआप जन्मले: खवलेदार कातडी, सुजलेली प्लीहा, नर काही आठवड्यांतच मरायचे. सिअ‍ॅटलजवळच्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरचा तो दोष हुडकत हुडकत वीस जनुकांपर्यंत आणला, आणि दोष निघाला विसाव्यात, शेवटच्या. त्याचं नाव फॉक्सपी३. २००१ मध्ये तो पेपर 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. त्याच वर्षी कळलं की मुलग्यांना होणारा आयपेक्स हा आजार, ज्यात तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि इसब एकत्र येतात, तोही याच जनुकाच्या बिघाडाने होतो. २००३ मध्ये होरी, नोमुरा आणि साकागुचींनी 'सायन्स'मध्ये दोन्ही धागे बांधले: फॉक्सपी३ हाच या पेशींचा कळीचा घटक, आणि साध्या टी-पेशीत तो घातला तर तीही आवर घालू लागते. अमेरिकेतले अलेक्झांडर रुडेन्स्की आणि रॅम्सडेल यांच्या गटांनीही त्याच सुमाराला स्वतंत्रपणे हेच दाखवलं. २०१७ च्या क्राफर्ड पारितोषिकात साकागुची, रॅम्सडेल आणि रुडेन्स्की होते, २०२५ च्या नोबेलमध्ये रुडेन्स्कींच्या जागी ब्रन्को. तीनच नावं घ्यायची म्हटल्यावर कुणीतरी बाहेर राहणारच. माझ्या मते शोध कुठून सुरू झाला हे पाहून ब्रन्कोंचं नाव योग्य आहे, पण रुडेन्स्कींना वगळून हा विषय शिकवता येत नाही.

आता आकड्यांचं. १९९५ आणि २००३ या दोन्ही पेपरांची सायटेशन हजारोंच्या घरात आहेत. नुसता एकूण आकडा स्लाइडवर टाकलात तर त्यातून काही कळणार नाही. वर्षवार आलेख काढा. पहिल्या पाच वर्षांत चढ हळू आहे, आणि २००१ पासून तो उभा होतो. का, हे तुम्हालाच सांगता आलं पाहिजे: त्याच वर्षी अनेक गटांनी माणसाच्या रक्तात या पेशी दाखवल्या आणि त्याच वर्षी फॉक्सपी३ आलं. म्हणजे आलेखाचा चढ हा इतरांच्या शोधांचाही आहे. शिवाय त्यांचे २००४ चा 'अॅन्युअल रिव्ह्यू' आणि २००८ चा 'सेल'मधला असे आढावा लेख प्रचंड उद्धृत होतात. ते मूळ प्रयोगांत मिसळून बेरीज करू नका. आढावा लेखाला सायटेशन मिळणं सोपं असतं, आम्ही सगळेच प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्याला एक आढावा टाचून मोकळे होतो.

प्रभावाची एक वाईट बाजूही असते. ती माझ्याच अंगावर आली होती. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी माणसाच्या रक्तातल्या साध्या टी-पेशी चेतवत होतो. फॉक्सपी३ रंगवण्यासाठी पेशी आधी रसायनाने स्थिर (फिक्स) कराव्या लागतात आणि केंद्रकापर्यंत भोकं पाडावी लागतात, कारण ते प्रथिन आत असतं. चौथ्या दिवशी यंत्रावर पाहिलं तर फॉक्सपी३ असलेल्या पेशींचा मोठा ढग. मी टी-रेग, म्हणजे रेग्युलेटरी टी-पेशी, तयार केल्या होत्या! सहा आठवडे मी तेच पुन्हा पुन्हा करून सुंदर आलेख जमवले. आमच्या गाइड मॅडमनी ते शांतपणे पाहिले आणि एकच वाक्य बोलल्या, "छान. आता दाबून दाखव."

दाबून दाखवायचं म्हणजे दुसऱ्या टी-पेशींना चमकणारा रंग लावायचा, त्यांना वाढायला लावायचं आणि शेजारी आपल्या पेशी ठेवायच्या. पेशी विभागली की चमक निम्मी होते, त्यामुळे यंत्रावर पायऱ्या पायऱ्या दिसतात. आवर बसला तर पायऱ्या दिसत नाहीत, एकच उंच खांब राहतो. माझ्या आलेखात पायऱ्याच पायऱ्या. माणसाची साधी टी-पेशीही चेतवल्यावर काही काळ फॉक्सपी३ दाखवते आणि दाबत मात्र काहीच नाही. उंदराचा नियम मी डोळे झाकून माणसाला लावला होता, आणि असं करणारा मी एकटा नव्हतो.

सीडी२५ चंही तसंच. उंदरात सीडी२५ असलेल्या पेशी स्क्रीनवर वेगळा पुंजका करून उभ्या राहतात. माणसाच्या रक्तात तसं होत नाही, ठिपक्यांची शेपटी पसरत जाते आणि चौकट कुठे ओढायची ते आपल्या हातात असतं. केसभर डावीकडे सरकवली तर टक्केवारी दुप्पट. त्यामुळे '३ टक्के टी-रेग' विरुद्ध '७ टक्के टी-रेग' अशी दोन पेपरांची तुलना दिसली की मी आधी त्यांच्या चौकटी बघतो. २००६ पासून सीडी१२७ कमी असणं ही जोडखूण वापरली जाते, त्याने निम्मी भांडणं मिटली. जिवंत पेशी वेगळ्या काढायच्या तर तीच लागते, कारण फॉक्सपी३ रंगवलेली पेशी मेलेली असते.

साकागुचींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. हा घोळ निस्तरण्यात त्यांचाच गट पुढे होता. २००९ मध्ये 'इम्युनिटी'त मियारा आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी माणसाच्या फॉक्सपी३ पेशींचे तीन भाग पाडले आणि त्यातला एक भाग मुळीच दाबत नाही हे स्पष्ट लिहिलं. याच वर्गीकरणाने पुढे आतड्याच्या कर्करोगातलं एक कोडं सुटलं. बीजांडकोशाच्या कर्करोगात टी-रेग जास्त असल्या की रुग्ण कमी जगतात, हे २००४ मध्ये दिसलं होतं. मोठ्या आतड्यात मात्र कधी कधी फॉक्सपी३ जास्त असलेल्यांचंच बरं चालायचं. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की काही गाठींतल्या त्या फॉक्सपी३ पेशी मुळात आवरणाऱ्या नसतातच. स्वतःच लोकप्रिय केलेल्या खुणेच्या मर्यादा स्वतः छापणारे लोक मी फार पाहिलेले नाहीत.

उपचारांबद्दल सेमिनारमध्ये हात राखून बोला. आयएल-२ चे अगदी कमी डोस देऊन टी-रेग वाढवण्याचे २०११ मधले दोन अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आहेत, त्यांपैकी अस्थिमज्जा रोपणानंतरच्या गुंतागुंतीवरचा एक घ्या, पुरे. टी-रेग बाहेर वाढवून रुग्णाला परत देण्याच्या चाचण्या बऱ्याच चालू आहेत. पण उंदरातल्या त्या १९९५ च्या तक्त्याइतकं स्वच्छ उत्तर माणसात अजून कुठल्याही चाचणीने दिलेलं नाही.

तेव्हा पेपर असे घ्या: १९६९ चं निरीक्षण एका मिनिटात, १९८२ आणि १९८५ एकत्र, १९९५ ला निम्मा वेळ, १९९६ जरूर, मग २००१ आणि २००३ शेजारी ठेवून, आणि २००९. बाकीचे कुणी विचारले तर. एच-इंडेक्सची स्लाइड ठेवायचीच असेल तर शेवटी ठेवा. १९९५ च्या पेपरातला कोणत्या उंदराला कुठल्या इंद्रियाचा रोग झाला तो तक्ता मात्र मोठा करून पडद्यावर लावा आणि कुणी काही विचारेपर्यंत तो हलवू नका. परीक्षकांपैकी कुणी ज्येष्ठ असतील तर ते आय-जेबद्दल विचारतीलच.